जिराफ

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, विरळ झाडीच्या गवताळ मुलखात राहणारा रवंथ करणारा सस्तन प्राणी. जमिनीवर याच्याइतका उंच प्राणी दुसरा नाही. पूर्ण वाढलेला नर ५.५ मीटरपर्यंत उंच आणि सुमारे १,२०० किलो वजनाचा भरतो. मादी त्याहून लहान. त्याच्या कुलात आज दुसरा एकच प्राणी उरला आहे, काँगोच्या दाट अरण्यातला ओकापी. एके काळी या कुलाचा पसारा मोठा होता. शिवालिक टेकड्यांत ज्याचे जीवाश्म सापडले तो शिवथेरियम याच घराण्यातला. फार्सीत जिराफाला ‘शुतुर-गाव-पलंग’ म्हणतात, म्हणजे उंट, बैल आणि बिबट्या. एवढे नेमके वर्णन क्वचितच एखाद्या नावात उतरते.

मान दोन मीटरच्या आसपास लांब, तरी तिच्यात मणके माणसाइतकेच, सात. फक्त एकेक मणका २५ सेंटिमीटरहून लांब. खरे नवल मात्र रक्ताभिसरणाचे आहे. रक्त एवढ्या उंचीवर चढवायचे म्हणून जिराफाचा रक्तदाब माणसाच्या साधारण दुप्पट असतो. माणसाचे हृदय आणि मूत्रपिंडे ज्या दाबाने खराब होतील, तो दाब हा प्राणी जन्मभर वागवतो. या दाबाने पाय सुजायला हवेत. पण पायांवरची कातडी जाड आणि घट्ट असल्याने रक्तातले पाणी तिथे साचत नाही. पाणी पिताना तो पुढचे पाय फाकवून मान खाली घालतो, तेव्हा डोके हृदयाच्या खूप खाली जाते. त्या वेळी मानेतल्या शिरांमधल्या झडपा रक्ताला डोक्याकडे उलटे फिरू देत नाहीत. सिंहाला साधायला हीच वेळ सोयीची. पाल्यातून बरेच पाणी मिळत असल्याने जिराफाला पाणवठ्यावर वारंवार जावे लागत नाही, हे त्याच्या पथ्यावरच पडते.

बाभळीच्या जातीच्या झाडांचा पाला हे त्याचे आवडते खाद्य. सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, काळसर जांभळ्या जिभेने आणि चिवट ओठांनी तो काट्यांमधून पाने अलगद ओढून घेतो. कधीकधी जुनी हाडेही चघळतो. पाल्यात कमी पडणारे फॉस्फरस आणि कॅल्शियम त्यातून मिळते.

कळप सैल असतात. आज सोबत असलेले उद्या दुसरीकडे चरताना दिसतात. नर मानेचे तडाखे देत झुंजतात. मादी सुमारे १५ महिन्यांनी उभ्यानेच विते. पिल्लू जवळजवळ दोन मीटरवरून जमिनीवर आदळते, आणि तासाभरात आपल्या पायांवर उभे राहते. पुढे सिंह आणि तरस यांच्यामुळे अनेक पिल्ले वर्षही पुरे करत नाहीत. मोठ्या जिराफाची लाथ मात्र सिंहाचाही जीव घेऊ शकते.

शिकार आणि शेतीसाठी झालेली जंगलतोड यांमुळे संख्या घटत गेली. २०१६ मध्ये जिराफाची नोंद धोक्यात असलेल्या प्राण्यांत झाली. नायजरमध्ये १९९०च्या दशकात पश्चिम आफ्रिकी जिराफ ५०च्या आत आले होते. सरकारने शिकार रोखली, गावकऱ्यांनी त्यांना आपल्या शेतशिवारात वावरू दिले, आणि आज ते ६००च्या वर आहेत.