बिल रोज नवे, साचा एकच

आमच्याकडून एक्सेलमध्ये बिलाची फाइल करून घेतलेल्या दुकानदारांसाठी आणि छोट्या उद्योजकांसाठी हे माहितीपत्रक आहे. आम्हाला फोनवर सगळ्यात जास्त विचारले जाते ते हेच: "कालचं बिल गेलं कुठं?"

बहुतेक वेळा ते कुठेच गेलेले नसते, त्याच्यावरच आजचे बिल लिहिलेले असते. कालची फाइल उघडायची, नाव आणि रकमा बदलायच्या आणि सेव्ह दाबायचे, ही सवय जिकडेतिकडे दिसते. फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत) असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल, तर सेव्ह दाबावेही लागत नाही. टाइप करता करताच जुने बिल पुसले जाते. शिवाय जुन्यातले काही ना काही नव्यात राहून जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ टक्क्यांच्या बहुतेक वस्तू ५ टक्क्यांवर आल्या. पण त्याआधीची फाइल उघडून बिल केले, तर त्यात १२ तसेच राहणार.

म्हणून आम्ही टेम्प्लेट, म्हणजे बिलाच्या साच्याची फाइल देतो. तिच्या नावाच्या शेवटी एक्सएलटीएक्स आहे. तिच्यावर डबल क्लिक केले की मूळ फाइल उघडत नाही, तिची कोरी प्रत उघडते आणि सेव्ह करताना नाव व फोल्डर विचारते. पिवळे सेल तुम्ही भरायचे. बाकीच्यांना आम्ही कुलूप लावले आहे, कारण तिथे सूत्रे आहेत. सूत्रावर चुकून आकडा टाइप झाला तर बेरीज चुकते आणि पटकन लक्षातही येत नाही.

दर किंवा पत्ता बदलला, तरच मूळ साचा उघडा: फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन'. एकदा बदल केला की पुढची सगळी बिले नव्या दराने निघतात. जुनी बिले मात्र जुन्याच दराने राहतात, आणि तशीच राहायला हवीत. एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना आम्ही हाच साचा ओटीएस स्वरूपात देतो.

फाइलचे नाव

बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा असावा, असा जीएसटीचा नियम आहे. बिलावर २५-२६/०४७ असे तिरकी रेघ देऊन लिहिलेले चालते. विंडोज मात्र फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही, म्हणून तिथे २५२६-०४७ आणि पुढे गिऱ्हाइकाचे नाव लिहा. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावे देऊ नका. महिन्याभराने त्यातली खरी कोणती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

प्रिंट

कागद वाया जातो तो इथे. कंट्रोल आणि पी दाबले की आधी उजवीकडचे चित्र नीट बघा. शेवटचा 'एकूण' कॉलम दुसऱ्या पानावर गेला असेल, तर खालच्या स्केलिंगमध्ये 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' निवडा. 'फिट शीट ऑन वन पेज' नको. चाळीस ओळींचे बिल त्यात इतके बारीक होते की गिऱ्हाईक चष्मा शोधू लागते. रकमेच्या जागी #### दिसले तर आकडा बरोबर आहे, कॉलम अरुंद आहे. तो थोडा रुंद करा.

बिल दोन पानांचे झाले, तर दुसऱ्या पानावरही 'माल, नग, दर, रक्कम' ही ओळ यायला हवी. साच्यात ती सोय आहे. तुमच्या इतर फाइलींसाठी 'पेज लेआउट'मधल्या 'प्रिंट टायटल्स'मध्ये जाऊन वर पुन्हा यायची ओळ निवडा. मागून कोरी पाने निघत असतील, तर लांबच्या एखाद्या सेलमध्ये काहीतरी पडलेले असते. कंट्रोल आणि एंड दाबले की एक्सेल तुम्हाला वापरातल्या शेवटच्या सेलवर नेते. त्यापेक्षा हवा तेवढाच भाग निवडून 'सेट प्रिंट एरिया' करणे सोपे.

कागद ए४ आहे ना, हेही बघा. काही प्रिंटरवर आपोआप 'लेटर' लागलेले असते. तो कागद ए४ पेक्षा १८ मिलिमीटर आखूड असतो आणि मांडणी बिघडते.

व्हॉट्सॲपवर बिल पाठवायचे तर पीडीएफच पाठवा. एक्सेलची फाइल समोरच्याला बदलता येते, आणि मोबाइलवर तिची मांडणीही हलते.

३१ मार्चनंतर

नव्या वर्षाचे फोल्डर करा, साच्यातले वर्ष बदला आणि क्रमांक ००१ पासून सुरू करा. जुन्या वर्षाचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि दुकानातला संगणक तेवढा टिकेलच असे नाही.

साच्यात स्वतः काही बदलणार असाल तर आधी त्याची एक प्रत बाजूला ठेवा. अडलात तर फक्त साचा आम्हाला पाठवा. तुमच्या गिऱ्हाइकांची भरलेली बिले आम्हाला लागत नाहीत.