मांडवीवरची सूर्यास्त सफर

गोव्यात पणजीच्या धक्क्यावरून संध्याकाळी सुटणारी, मांडवी नदीच्या मुखाकडे जाऊन सूर्य बुडाल्यावर परतणारी प्रवासी बोटीची फेरी. बोलताना सगळे तिला नुसते ‘क्रूझ’ म्हणतात. गोव्याहून घरी आलेल्या माणसाला कोल्हापुरात काय आणि बेळगावात काय, ‘क्रूझ केली का?’ हे विचारले जातेच. साधी फेरी तासाभराची असते. वरच्या डेकवर छोटा रंगमंच, समोर खुर्च्या, निवेदक, डीजे आणि गोव्याचे दोन-चार नाच. एका कडेला बार आणि खाण्याचा काउंटर. जेवणासह असलेली फेरी दोन तासांच्या आसपास चालते. याशिवाय ब्रिटोना, मालिम या बाजूंनी दहा-बारा माणसांसाठी खासगी यॉट भाड्याने मिळतात, आणि दक्षिणेत साळ नदीवर मोबोर-बेतूलच्या परिसरात शांत फेऱ्या होतात. तरी ‘गोव्याची क्रूझ’ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यापुढे येते ती मांडवीच.

गोवा पर्यटन विकास महामंडळ (स्थापना १९८२) आणि काही खासगी मालक या बोटी चालवतात. बहुतेक फेऱ्या मांडवी पुलाजवळच्या सांता मोनिका जेटीवरून सुटतात. नदीतल्या बोटींचे परवाने, तपासणी आणि वाहतुकीवरची देखरेख हे कप्तान ऑफ पोर्ट्स या सरकारी खात्याचे काम. धक्क्यावर नव्या माणसाचा एक घोटाळा हमखास होतो. नदीत रोषणाई केलेली जी मोठी जहाजे नांगर टाकून उभी दिसतात, ती कॅसिनोची. ती फिरत नाहीत. लहान बोटीने त्यांच्यापर्यंत नेले जाते, आणि एकवीस वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाही कॅसिनोत जाण्यास मनाई आहे. क्रूझ ही वेगळी गोष्ट आहे. आजीपासून नातवापर्यंत सगळे घर एका तिकीट खिडकीवर रांग लावते ते हिच्यासाठी.

ज्या पाण्यावर ही सफर चालते, त्याच्याबद्दल बोटीवर फारसे बोलले जात नाही. म्हणून इथे थोडे सविस्तर. मांडवी म्हणजेच म्हादई. ती बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या सह्याद्रीत उगम पावते, सत्तरीच्या जंगलातून खाली येते आणि दिवाडी, चोडण या बेटांना वळसा घालून पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. कुंभारजुवेच्या खाडीने ती जुवारी नदीशी जोडलेली आहे. भरतीचे खारे पाणी तिच्यात दूर आतपर्यंत शिरते. त्यामुळे जेटीवर बोटीकडे जाणारी फळी कधी जवळजवळ सपाट असते, तर ओहोटीला इतकी उतरती की म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा लागतो. एकेकाळी याच पात्रातून लोहखनिजाच्या बार्जेसची अखंड रांग मुरगाव बंदराकडे जात असे; २०१२ च्या खाणबंदीनंतर ती रांग आटली. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात तंटा आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ अब्ज घनफूट पाणी मंजूर केले, आणि गोव्यात त्यावरून उमटलेली अस्वस्थता अजून ओसरलेली नाही. वरून येणारे गोडे पाणी कमी झाले तर खारे पाणी आणखी आत सरकेल, ही भीती नदीकाठच्या शेतकऱ्याची आणि तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बाईचीही आहे.

बोट सुटली की ती पश्चिमेकडे, नदीच्या मुखाच्या दिशेने निघते. मागे अटल सेतू राहतो. तारांनी तोललेला हा पूल २७ जानेवारी २०१९ रोजी खुला झाला. त्याच्या शेजारी जुने दोन पूल आहेत. त्या दोघांच्याही आधीचा, १९७० च्या सुमाराचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला होता, आणि तेव्हा दोन्ही तीरांची सगळी भिस्त फेरीबोटींवर आली होती. आजही पणजी–बेती फेरीबोट क्रूझच्या वाटेत आडवी येते. कामावरून घरी निघालेली माणसे, स्कूटर, भाजीच्या पिशव्या घेऊन ती पाचेक मिनिटांत पलीकडे पोचते. सूर्यास्त तिलाही तोच दिसतो.

डाव्या हाताला पणजी सरकत जाते: आदिलशहाचा जुना वाडा, त्याच्याजवळ एका स्त्रीवर हात रोखून उभा असलेला आबे फारियांचा पुतळा (संमोहनविद्येचे हे आद्य अभ्यासक जवळच्याच कांदोळीत १७५६ मध्ये जन्मले), मग चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कला अकादमीची बसकी, पसरट इमारत, कांपालची झाडे आणि शेवटी मिरामारची वाळू. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी तिथेच आहे.

उजवा तीर कमी उजळलेला असतो, पण मराठी माणसाने तो नीट पाहावा. मासेमारी बोटींनी गजबजलेले मालिम मागे पडले की बेती येते. शिक्षक म्हणून गोव्यात आलेले स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे १९५५ साली याच बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण रानडे सुटले १९६९ मध्ये, पोर्तुगालच्या तुरुंगातून. क्रूझवरचा निवेदक पणजीच्या दिव्यांकडे बोट दाखवत असतो त्याच वेळी ही जागा दुसऱ्या बाजूने निघून जाते. बोटीवर दोन वाक्ये याबद्दल सांगितली जावीत, असे मनापासून वाटते. बेतीच्या पुढे रेइस मागोसचा किल्ला पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा दिसतो. १५५१ च्या या किल्ल्याची अलीकडे चांगली दुरुस्ती झाली असून आत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रे मांडली आहेत. अगदी टोकाला आग्वाद: १६१२ चा किल्ला, १८६४ चे दीपगृह आणि खाली पाण्यालगतचा जुना तुरुंग. राममनोहर लोहियांना १९४६ मध्ये इथेच कोंडले होते. ‘आग्वाद’ हे नाव पाण्यावरूनच आले. लांबच्या प्रवासाला निघालेली जहाजे इथल्या झऱ्यांचे गोडे पाणी भरून घेत.

आग्वाद आणि समोरचे काबोचे टोक यांच्यामधल्या मुखापाशी वाळूचा उथळ पट्टा आहे. पावसाळ्यात त्यावर लाटा फुटतात आणि नदीचे दार बंद होते. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने हे अंगावर अनुभवले. मे १५१० मध्ये आदिलशाही फौजेने त्याला जुन्या गोव्याच्या शहरातून हुसकले, पण पावसाळा लागल्याने त्याची जहाजे समुद्रात बाहेर पडू शकली नाहीत. ऑगस्टपर्यंत ती पणजीच्या किल्ल्याच्या तोफांखाली, उपाशीपोटी, नदीच्या या शेवटच्या टप्प्यातच अडकून होती. २५ नोव्हेंबरला तो परतला आणि त्याने शहर घेतले. आजची तासाभराची क्रूझ जिथून मागे वळते, ते पाणी हेच.

आता सूर्यास्ताविषयी. गोव्यात नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जानेवारीच्या अखेरीस साडेसहाच्या आणि मेच्या अखेरीस सातच्या सुमारास. फेरीची वेळ मात्र घड्याळावर ठरलेली असते. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ बघावी, नाहीतर सूर्यास्ताच्या नावाने काळोखातली फेरी पदरात पडते. कुठे पाहायचे तेही ऋतूवर ठरते. बोट मिरामारसमोर असेल तर थंडीत सूर्य आग्वाद आणि काबो यांच्यामधल्या उघड्या समुद्रात उतरतो. पुढे तो रोज थोडाथोडा उत्तरेकडे सरकतो आणि एप्रिल-मेमध्ये आग्वादच्या डोंगराआड जातो. क्षितिजाला टेकलेले बिंब पुरते बुडायला जेमतेम सव्वादोन मिनिटे लागतात. पुढे वीस-बावीस मिनिटांत संधिप्रकाशही विझतो, कारण या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली जातो.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे डेकवर भेटतात. दुपारभर समुद्रावरून येणारा खारा वारा संध्याकाळी मंदावतो. बोटीच्या टोकाला लावलेला झेंडा तोपर्यंत फडफडत असतो. बोट वळण्यासाठी संथ होते तेव्हा तो एकदम काठीला लपेटून खाली पडतो. पाण्यावरच्या बारीक लाटा विरतात आणि त्यावरचा तांबडा पट्टा तुटक होता तो सलग होतो. हे घडते तेव्हा डीजे चालूच असतो. कठड्याशी उभे असलेल्यांनाच ते दिसते.

रंगमंचावरच्या कार्यक्रमाचा साचा ठरलेला आहे. निवेदक आधी मुलांना बोलावतो, मग जोडप्यांना, मग फक्त बायकांना, आणि शेवटी पुरुषांची पाळी येते. बायकांच्या फेरीला सगळ्यात जास्त रंग चढतो. लग्नाच्या वरातीतही कडेला उभी राहणारी बाई इथे चपला खुर्चीखाली सारून, पदर खोचून पुढे येते. गावचे कुणी बघत नाही, ही मोकळीक नदी देते. या नाचाला नावे ठेवणाऱ्यांनी एकदा त्या बाईचा चेहरा पाहावा.

मधल्या वेळात गोव्याचे कलाकार फुगडी, पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यो आणि देखणी हे नाच करतात. यांतली देखणी तर नदीचीच आहे. कलावंतिणीला पलीकडच्या तीरावर लग्नाला जायचे असते, होडीवाला तारी न्यायला तयार नसतो, आणि ती अंगावरचा एकेक दागिना देऊ करत त्याला विनवते. गाणे रचणारे ख्रिस्ती, नायिका देवळातली, वाद्ये दोन्हीकडची. ‘पलतडी’ जाण्यासाठीची ती आर्जवे ज्या मांडवीकाठच्या समाजात रुजली, तिच्याच पाण्यावर तो नाच पाच मिनिटांत उरकला जातो. पुढच्या गाण्याची फर्माईश करण्याआधी तेवढी पाच मिनिटे कलाकारांना द्यावीत.

पाण्यावर गाणे-बजावणे ही गोव्यात पर्यटनाबरोबर आलेली गोष्ट नाही. २९ जूनला, संत पीटर आणि पॉल यांच्या सणाला, मांडवीच्या उत्तरेकडच्या बार्देश तालुक्यातले मासेमार दोन होड्या एकत्र बांधून त्यावर मंच उभारतात, तो सजवतात आणि गात-वाजवत नदीतून फिरवतात. या जोडहोडीला ‘सांगोड’ म्हणतात. त्याआधी २४ जूनला, सांजावच्या (संत जॉन यांच्या सणाच्या) दिवशी, शिवोलीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत लहान-मोठ्या शोभेच्या नौका सोडल्या जातात. ही वाळवंटी पुढे मांडवीलाच मिळते. क्रूझचा डेक म्हणजे एक मोठा, इंजिन लावलेला सांगोडच. फरक इतकाच की सांगोडावर नाचणारे आणि काठावरून पाहणारे एकाच गावचे असतात.

जुन्या पिढीच्या मराठी माणसासाठी पणजीचा धक्का म्हणजे मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले करत येणाऱ्या बोटीचा शेवटचा मुक्काम. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग त्या प्रवासांनीच घरोघर पोचवला. क्रूझमध्ये ती भीती फारशी नाही, कारण बोट नदीच्या आडोशातच राहते. मार्च ते मे या काळात दुपारचा वारा जोराचा असला तर मुखाजवळ थोडे हलते, तेवढेच. पोट नाजूक असेल त्याने वरच्या डेकऐवजी खालच्या मजल्यावर मध्यभागी बसावे आणि नजर काठावर ठेवावी.

सुरक्षेबाबत मात्र ढिलाई नको. नदीतली मोठी बोट आणि किनाऱ्यावरून समुद्रात जाणारी लहान होडी यांत मोठा फरक आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा मृत्यू झाला. बोट लहान असो वा मोठी, लाइफ जॅकेट कुठे आहेत ते चढताच विचारून घ्यावे, मूल कठड्यावर बसवू नये आणि गर्दी जास्त वाटली तर पुढच्या फेरीसाठी थांबावे. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत समुद्रातल्या पर्यटक फेऱ्या बंद असतात. मांडवीच्या आतल्या भागात हवा बघून फेरी निघते. तेव्हा सूर्य क्वचितच दिसतो, पण गढूळ तांबडी नदी, हिरवेगार दोन्ही तीर आणि रेइस मागोसवर उतरलेला ढग पाहायला मिळतो. गर्दीही कमी असते. मोठ्या आवाजातल्या उघड्यावरच्या संगीताला रात्री दहानंतर मनाई आहे, आणि नदीकाठी झोपणाऱ्या माणसांसाठी ती पाळली जायला हवी.

परतीच्या वाटेवर बहुतेक लोक पुन्हा रंगमंचाकडे वळतात. कठड्यावर दोघे-चौघे उरतात. पणजीचे दिवे पाण्यात लांबट होऊन थरथरत असतात, अटल सेतूच्या तारा उजळलेल्या असतात. बेतीकडून येणाऱ्या फेरीबोटीसाठी क्रूझ क्षणभर वेग कमी करते. मग खलाशी पुढच्या टोकाला येतो, जाड दोर धक्क्यावरच्या खुंटाकडे फेकतो, पलीकडचा माणूस त्याला दोन वेढे देतो आणि बोट जुन्या टायरांवर घासून थांबते. फळी लावली जाते. उतरणाऱ्यांच्या बाजूने पुढच्या फेरीची रांग आधीच लागलेली असते.