दिवाळीनंतरचा हरिश्चंद्रगड : ‘मध्यम’ वाट कोणती?

फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की ट्रेकच्या ग्रुपवर एकच विषय निघतो : थंडीतला पहिला ट्रेक कुठे? कोणीतरी लिहितंच, “फार अवघड नको, मध्यम काहीतरी बघा.” पण एकच वाट जुलैत, नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये सारखी नसते.

सुमारे १,४२० मीटर उंचीचा हरिश्चंद्रगडच घ्या. कोकणातून चढणारी नळीची वाट मुरलेल्यांसाठी, तिचा विचार इथे नको. उरतात दोन : उत्तरेकडची पाचनईची ‘सोपी’ आणि खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी ‘मध्यम’. नोव्हेंबरच्या सुरुवातीला या पाट्या मला तितक्याशा पटत नाहीत.

कारण सूर्य. २३ सप्टेंबरच्या सुमारास तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकतो आणि मार्चपर्यंत तिकडेच राहतो. त्या सहा महिन्यांत थेट उत्तरेकडे तोंड असलेल्या उभ्या कड्याला ऊन असं लागतच नाही. पाचनईची वाट नेमकी अशा कड्याच्या पोटातून, ओढ्याच्या सोबतीने जाते. पावसाळ्यात कातळावर धरलेलं शेवाळ तिथे उशिरापर्यंत ओलं राहतं. शेवाळाच्या पेशींभोवती बुळबुळीत थर असतो. पाणी मिळालं की तो फुगतो आणि बुटाचा तळ दगडाला टेकूच देत नाही. पूर्ण वाळलं की तेच शेवाळ खरखरीत होतं. तोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा पूर्वेच्या अंगाला आहे, त्याला सकाळचं कोवळं ऊन मिळतं. चढ जास्त, पण पाय ठरतो.

खिरेश्वरच्या वाटेची खोड वेगळी. कातळटप्पा संपला की देवळापर्यंत टेकड्यांमागून टेकड्या, आणि त्यांवर छातीइतकं वाढून पिवळं पडू लागलेलं गवत. वाट अजून नीट मळलेली नसते, गुरांच्या ढोरवाटा मात्र ठळक दिसतात. अशाच एका ढोरवाटेने मला एकदा पाऊण तास हिंडवून पुन्हा त्याच खडकापाशी आणून सोडलं होतं! पावसाने भिजलेली माती सुकली की वर मुरमाचे सुटे दाणे उरतात. उतरताना त्यांवर पाय टाकणं म्हणजे सांडलेल्या ज्वारीवरून चालणं. म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याला जास्त वेळ धरावा, असं माझं मत.

वेळेचा हिशेब या महिन्यात सर्वांत कडक. सर्वांत लहान दिवस २१–२२ डिसेंबरचा, हे शाळेत शिकलेलं असतं. पण आपल्या अक्षांशावर सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या आसपास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे खरी मध्यान्ह घड्याळाच्या बाराशी जुळत नाही. नोव्हेंबरपासून ती रोज थोडी उशिरा होऊ लागते आणि तिच्याबरोबर डिसेंबरातले सूर्यास्तही पुढे ढकलले जातात. शिवाय उष्ण कटिबंधात सूर्य तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली बुडतो, म्हणून संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. हा तयारीच्या, न थांबणाऱ्या माणसाचा हिशेब आहे. पोहे, फोटो आणि पावसाळाभर घरी बसलेल्या मांड्या धरल्या तर तो सरळ दुप्पट करावा. खिरेश्वरहून वर जायला चार तास लागतात असं समजून सकाळी सातला निघा. दीडला गड सोडायचा म्हणजे सोडायचा, कोकणकडा कितीही बोलावत असला तरी.

मुक्काम करणार असाल तर थंडीचं गणितही उलटं लागतं. उंचीबरोबर तापमान किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, पण ती सरासरी झाली. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते. तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ ओढ्याकाठी, अशाच खोलगटात आहे. पहाटे तिथे तोंडातून वाफा निघत असताना थोड्या वरच्या टेपाडावर उबदार वाटू शकतं. ओढ्याजवळ दवही जास्त पडतं, आणि भिजलेली स्लीपिंग बॅग थंडी अडवत नाही. पाणी ओढ्यावरून भरून आणा, पथारी टेपाडावर टाका.