हळू वाजवलं की वेग आपोआप येतो?

‘आधी हळू वाजव, मेट्रोनोम थोडाथोडा वाढव, वेग आपोआप येईल.’ वाद्य शिकताना मिळणारा हा सल्ला अर्धाच खरा. (मेट्रोनोम म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र.) स्वर आणि बोटांच्या जागा पक्क्या करायला संथ रियाज हवाच. पण मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर, ठोक्याला ४ स्वर म्हणजे सेकंदाला ८ स्वर. एकेका स्वराला जेमतेम १२५ मिलिसेकंद. चूक ऐकून बोट सावरायला एवढा वेळ पुरतच नाही. म्हणून द्रुत लयीत मेंदू स्वरांचा अख्खा गट आधीच आखतो. एक बोट उठायच्या आत दुसरं निघालेलं असतं. संथ वाजवताना ही हालचाल तशी घडत नाही. (नुसतं चालून कुणी धावायला शिकतं का?) त्यामुळे ४-५ स्वरांचा तुकडा घ्या, पूर्ण वेगात वाजवा आणि पुढच्या ठोक्यावर थांबा. मनगट सैल आहे ना, तेवढं बघा. मग शेजारचा तुकडा जोडा. अडखळलात तर लय उतरवण्याआधी तुकडा लहान करून पाहा.