पोटनिवडणूक (विधानसभेची)

विधानसभेची मुदत चालू असताना एखाद्या मतदारसंघाची जागा रिकामी झाली, तर तेवढ्याच मतदारसंघात, उरलेल्या मुदतीपुरती घेतली जाणारी निवडणूक. अशा निवडणुकीतून आलेल्या सदस्याला नवी पाच वर्षे मिळत नाहीत. सभागृह विसर्जित होते त्याच दिवशी त्याचेही सदस्यत्व संपते. पोटकलम, पोटभाडेकरू या शब्दांप्रमाणे येथेही ‘पोट’ म्हणजे मोठ्या गोष्टीच्या आत सामावलेले. हिंदीत याच अर्थी ‘उपचुनाव’ हा शब्द रूढ आहे.

जागा रिकामी होण्याची कारणे : सर्वांत नेहमीचे कारण सदस्याचा मृत्यू. राजीनामा अध्यक्षांनी स्वीकारल्यावरच जागा रिकामी होते; तो स्वेच्छेने व खरेपणाने दिलेला आहे याची खात्री अध्यक्षांनी करावी, ही तरतूद १९७४ च्या तेहतिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १९० मध्ये आली. दहाव्या अनुसूचीखालील (पक्षांतराबद्दलची) अपात्रता, दोन वर्षे वा अधिक शिक्षा आणि उच्च न्यायालयाने निवड रद्द ठरवणे ही इतर कारणे. शिक्षा झालेल्या आमदाराला अपील करून जागा राखण्याची जी सवलत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. आमदार लोकसभेवर निवडून आला, तर त्याने १४ दिवसांत विधानसभेचा राजीनामा द्यावा लागतो. तो न दिल्यास रिकामी होते ती लोकसभेची जागा, विधानसभेची नव्हे. याबाबत अनेकदा उलट समज आढळतो.

कायदा आणि मुदतीचा वाद : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५० नुसार निवडणूक आयोग रिकाम्या जागेसाठी अधिसूचना काढतो. जागा अनुसूचित जाती वा जमातींसाठी राखीव असेल तर पोटनिवडणुकीतही ती राखीवच राहते. मूळ अधिनियमात किती दिवसांत निवडणूक घ्यावी याचे बंधन नव्हते. १९९६ साली कलम १५१-अ घातले गेले आणि जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांची मर्यादा आली. तिला दोन अपवाद आहेत : रिक्त जागेच्या संदर्भात सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असणे, किंवा ठरल्या वेळेत निवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्र शासनाशी विचारविनिमय करून प्रमाणित करणे.

पहिल्या अपवादातील ‘उरलेली मुदत’ कोठून मोजायची, हा या विषयातील सर्वांत घोळलेला प्रश्न. जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून, की नवा सदस्य निवडून येईल त्या दिवसापासून? २०१८ मध्ये आयोगाने लोकसभेच्या जागांबाबत (हे कलम त्यांनाही लागू आहे) पहिला अर्थ धरला. कर्नाटकातील लोकसभेच्या तीन जागा मे २०१८ मध्ये, म्हणजे मुदत संपण्यास वर्षाहून थोडा अधिक काळ असताना, रिकाम्या झाल्या होत्या. तेथे नोव्हेंबरमध्ये मतदान झाले. आंध्र प्रदेशातील पाच जागा जूनमध्ये रिकाम्या झाल्याने तेथे ते झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र दुसरा अर्थ स्वीकारून मार्च २०१९ मध्ये काटोलची आणि मार्च २०२४ मध्ये अकोला पश्चिमची पोटनिवडणूक रद्द केली. अकोला पश्चिमची जागा गोवर्धन शर्मा यांच्या निधनाने नोव्हेंबर २०२३ च्या आरंभी रिकामी झाली. सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस संपत होती. रिक्ततेपासून मोजल्यास वर्षाहून सुमारे तीन आठवडे जास्त भरतात. ४ जून २०२४ च्या मतमोजणीपासून मोजल्यास सहा महिनेही भरत नाहीत. त्याच सुमारास हरियाणातील कर्नालची जागा मार्च २०२४ मध्ये, मुदतीचे आठ महिनेही उरले नसताना रिकामी झाली होती. तेथे मुख्यमंत्री नायबसिंह सैनी यांना सहा महिन्यांत सभागृहाचे सदस्य होणे भाग होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती पोटनिवडणूक रोखली नाही.

नव्या सदस्याला काही महिनेच मिळणार असतील तर खर्च व्यर्थ जातो, हा नागपूर खंडपीठाच्या अर्थामागील विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही रिक्ततेच्या दिवसापासूनची गणना कलमाच्या शब्दांना अधिक जवळची वाटते. निकालापासून मोजल्यास मतदान जितके लांबवावे तितका अपवाद लागू होण्याचा संभव वाढतो, आणि मतदारसंघाला प्रतिनिधी मिळणार की नाही हे वेळापत्रकावर अवलंबून राहते. अकोला पश्चिमच्या मतदारांना सुमारे वर्षभर आमदार नव्हता. दुसऱ्या अपवादाचे उदाहरण पुणे लोकसभेचे : खासदार गिरीश बापट यांचे मार्च २०२३ मध्ये निधन झाले, निवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने प्रमाणित केले, डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने पोटनिवडणूक तत्काळ घेण्याचा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली, आणि जागा सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत रिकामीच राहिली.

निवड रद्द करून दुसऱ्या उमेदवाराला विजयी घोषित करण्याची मागणी असलेली याचिका प्रलंबित असेल, तर आयोग थांबू शकतो. कर्नाटकात डिसेंबर २०१९ मध्ये १५ जागांचे मतदान झाले, पण मस्की आणि राजराजेश्वरीनगर या जागा अशा याचिकांमुळे मागे ठेवल्या गेल्या.

प्रक्रिया : ती सार्वत्रिक निवडणुकीसारखीच. अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार. माघारीनंतरच्या चौदाव्या दिवसाआधी मतदान घेता येत नाही. म्हणजे किमान २४ दिवस. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,००० रुपये. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे कळवणारे ‘ए’ व ‘बी’ फॉर्म अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोहोचले नाहीत, तर पक्षाचे चिन्ह हातचे जाते. आचारसंहिता साधारणपणे संपूर्ण जिल्ह्यात लागू होते. मतदारसंघ महानगरपालिका क्षेत्रात असेल तर केवळ त्या मतदारसंघात. तारखा स्थानिक कारणांनी सरकतात : कसबा पेठ व चिंचवडचे मतदान बारावीच्या परीक्षेमुळे २७ ऐवजी २६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाले.

महाराष्ट्र व गोवा : दिवंगत आमदाराच्या कुटुंबीयास उमेदवारी देण्याचा प्रघात येथे बळकट आहे. तासगाव-कवठेमहांकाळ (२०१५, सुमन पाटील), देगलूर (२०२१, जितेश अंतापूरकर), कोल्हापूर उत्तर (२०२२, जयश्री जाधव) ही त्याची उदाहरणे. पलूस-कडेगावमधून विश्वजित कदम २०१८ मध्ये बिनविरोध आले. सहानुभूती नेहमीच फळते असे नाही : पंढरपूर-मंगळवेढ्यात २०२१ मध्ये दिवंगत आमदार भारत भालके यांचे पुत्र भगीरथ भालके ३,७३३ मतांनी पराभूत झाले.

अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक (३ नोव्हेंबर २०२२) अनेक अर्थांनी अभ्यसनीय आहे. दिवंगत आमदार रमेश लटके यांच्या पत्नी ऋतुजा लटके या मुंबई महानगरपालिकेच्या सेवेत होत्या. त्यांचा राजीनामा स्वीकारण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला, कारण त्याशिवाय अर्ज छाननीत टिकला नसता. शिवसेनेचे धनुष्यबाण चिन्ह गोठवले गेल्याने त्या मशाल चिन्हावर लढल्या. भाजपने माघार घेतली आणि ‘नोटा’ला १२,८०६ मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला. ‘नोटा’च्या मतांचा विजयावर कायदेशीर परिणाम होत नाही.

विलेपार्ले (डिसेंबर १९८७) येथील पोटनिवडणुकीतील डॉ. रमेश प्रभू यांची निवड धर्माच्या आधारे मते मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. गोव्यात मनोहर पर्रीकर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये पणजीतून निवडून आले. त्यांच्या निधनानंतर मे २०१९ मध्ये त्याच मतदारसंघात पुन्हा मतदान झाले आणि ती जागा काँग्रेसकडे गेली.

विधान परिषदेच्या रिक्त जागा कलम १५१ खाली भरल्या जातात.