बोर्दायो, रिकार्डो जेरोम

(११ डिसेंबर १९२७ – ३१ जानेवारी १९९०). पश्चिम पॅसिफिकमधील ग्वाम या अमेरिकेच्या ताब्यातील बेटाचे दोनदा निवडून आलेले गव्हर्नर. बेटावर ते ‘रिकी’ याच नावाने ओळखले जात. जन्म राजधानी आगान्यात. चामोरोंना (ग्वामच्या मूळ रहिवाशांना) अमेरिकी नागरिकत्व मिळावे म्हणून १९३६-३७ मध्ये वॉशिंग्टनला अर्ज घेऊन गेलेल्या दोघांपैकी एक होते त्यांचे वडील बाल्तासार. नागरिकत्व मिळाले ते १९५० मध्ये. तोवर रिकींची कोवळी वर्षे जपानी अमलाखाली (१९४१–४४) गेली होती.

सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी मोटारविक्रीचा व्यवसाय उभारला. १९५६ मध्ये ते विधिमंडळावर निवडून आले; पुढे ते डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते झाले. ग्वामला गव्हर्नर निवडण्याचा हक्क मिळाल्यावर १९७० च्या पहिल्याच निवडणुकीत ते हरले. १९७४ मध्ये जिंकले.

पहिली कारकीर्द (१९७५–७९) कसोटीची ठरली. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर एक लाखाहून अधिक व्हिएतनामी निर्वासित ग्वाममार्गे गेले आणि ओरोते येथे तंबूंचे गावच वसले. बेटाची स्वतःची वस्तीही तेव्हा साधारण तेवढीच होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘पामेला’ चक्रीवादळाने बेट झोडपले. याच काळात त्यांनी लात्तेच्या आकाराचे भव्य स्मारक कल्पिले. लात्ते म्हणजे खांब व त्यावर वाडग्यासारखा दगड. प्राचीन चामोरोंची घरे अशा जोडदगडांवर उभी असत. १९७८ मध्ये पराभूत झालेले बोर्दायो १९८२ मध्ये पुन्हा निवडून आले.

दुसऱ्या कारकिर्दीच्या (१९८३–८७) अखेरीस त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप ठेवले गेले आणि खटल्यात ते दोषी ठरले. अपिलात बहुतेक आरोप रद्द झाले; साक्षीदारावर दबाव व न्यायात अडथळ्याचा कट हे राहिले आणि चार वर्षांची शिक्षा कायम झाली. कॅलिफोर्नियातील तुरुंगात हजर होण्यासाठी विमानात बसायचे, त्याच दिवशी आगान्यातील किपुहा या चामोरो सरदाराच्या पुतळ्याशी स्वतःला साखळीने बांधून, ग्वामचा ध्वज अंगावर घेऊन त्यांनी आत्महत्या केली. त्यांची आठवण पुष्कळदा या प्रसंगापाशीच थांबते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. दोषसिद्धी झाकू नये, पण तिच्यामुळे निर्वासितांचे ते वर्षही झाकले जाऊ नये.

त्यांच्या पत्नी मॅडलिन यांनी १९९० मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली व त्या हरल्या. पुढे २००३ ते २०१९ त्या अमेरिकी काँग्रेसमध्ये ग्वामच्या प्रतिनिधी होत्या. या प्रतिनिधीला विधेयकावरील अंतिम मतदानाचा हक्क नसतो. अडेलूप येथील गव्हर्नर कार्यालयाच्या संकुलाला आज बोर्दायोंचे नाव आहे. लात्तेचे स्मारकही त्यांच्या मृत्यूनंतर तेथेच उभे राहिले.