गॅमा किरणांतून गेलेला कांदा

नाशिकच्या भाजीबाजारात परवा एक गृहस्थ विक्रेत्याला विचारत होते, "हा कांदा किरण मारलेला तर नाही ना? घरात लहान मुलं आहेत." काळजी प्रामाणिक होती, पण तिला आधार नव्हता.

भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेले 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. तेथे कोबाल्ट-६० या सतत किरण सोडणाऱ्या धातूतून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून माल नेला जातो. कांद्याला साठ-सत्तर ग्रे, म्हणजे किलोमागे साठ-सत्तर ज्यूल ऊर्जा पुरते. तिने किलोभर पाण्याचे तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकेही वाढत नाही. तरीही कोंबातील पेशींचा डीएनए तुटतो, त्यांचे विभाजन थांबते आणि चाळीतल्या कांद्याला मोड येत नाहीत. कांदा सडायचा मात्र या उपायाने थांबत नाही.

मग कांदा किरणोत्सर्गी, म्हणजे स्वतःच किरण सोडणारा, का होत नाही? त्यासाठी अणुकेंद्रात न्यूट्रॉन घुसवावा लागतो किंवा त्यातून एखादा कण उखडावा लागतो. साध्या कोबाल्ट-५९ चे कोबाल्ट-६० होते ते अणुभट्टीत न्यूट्रॉन गिळूनच. लासलगावच्या किरणांत न्यूट्रॉन नसतात. राहिले उखडणे. या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ऑक्सिजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन काढायला १५.७ दशलक्ष लागतात, आणि पाण्यात अत्यल्प असणाऱ्या ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, न्यूट्रॉन फारच सैल असूनही त्याला २.२ दशलक्ष लागतात. शिवाय येथे बेरीज चालत नाही: हजार जणांनी एकेक फूट उडी मारली म्हणून दहा फुटी भिंत कोणी ओलांडत नाही, तसेच कितीही किरण आले तरी प्रत्येकाला आपल्याच ऊर्जेवर केंद्राला भिडावे लागते. नारोशंकराच्या घंटेचा नाद गोदाकाठच्या पायऱ्यांवर आदळतो, म्हणून पायऱ्या घंटा होत नाहीत.

खरे तर शेतातून थेट आलेला कांदाही थोडा किरणोत्सर्गी असतोच. त्यातल्या पोटॅशियम-४० मुळे शंभर ग्रॅमच्या कांद्यात दर सेकंदाला चार-पाच अणुकेंद्रांचा ऱ्हास होतो, विकिरणानंतरही तेवढाच.

याउलट 'ऋण आयन' देणारी, मोबाइलच्या लहरींपासून वाचवणारी म्हणून विकली जाणारी लॉकेटे लोक बिनदिक्कत गळ्यात घालतात. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा काही वस्तू तपासल्या, तेव्हा त्या स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या आणि त्या वापरू नका, असे लोकांना सांगावे लागले.